उठबस

अंतिम सामन्याच्या दिवशी सकाळी लंबूच्या घोट्यासाठी क्रेप बँडेज आणायला औषधाच्या दुकानात गेलो, तर दुकानदाराने ते पिशवीत घालता घालता चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही तेच ना? कॉलेजच्या टीममधले? बसणारे?"

मी हो म्हणालो. नाही म्हणून काय मिळणार होतं? "आज नीट बसा हं," तो म्हणाला. जेवणानंतर एक, झोपताना एक, असं लोकांना ज्या आवाजात सांगत असेल त्याच आवाजात. माझ्या मागे उभ्या असलेल्या एका आजींनी मला पुढून पाहून घेतलं, मग किंचित बाजूला होऊन मागून पाहिलं. वैशिष्ट्य कुठल्या बाजूला असणार याचा त्यांचा तर्क बरोबर होता.

बाहेर आलो आणि मला धक्का बसला. धक्कासुद्धा बसलाच, उभा राहिला नाही. रस्ताभर मी या एकाच शब्दाच्या मागे लागलो, किंवा तो माझ्या. घसा बसतो, जम बसतो, फटका बसतो, डाग बसतो. माणूस परीक्षेला बसतो, रुसून बसतो, भलतंच काहीतरी करून बसतो आणि मग डोक्याला हात लावून बसतो. या एका क्रियापदावर सगळ्यांनी इतकं ओझं टाकलंय की त्यालाच कुठेतरी टेकावंसं वाटत असेल. नेमका बास्केटबॉलमधला चेंडू तेवढा बसत नाही. तो एक तर जातो, नाहीतर जात नाही. आणि माझा चेंडू जातो. हे सांगून कोणाचा विश्वास बसत नाही (पुन्हा तेच), पण उजव्या कोपऱ्यातून, तीन गुणांच्या रेघेच्या जरा आत उभं राहून टाकलेला माझा चेंडू जातो. रोज सकाळी रिकाम्या कोर्टवर मी तो टाकत आलोय. आमचा संघ या हंगामात एकही सामना हरलेला नाही, आणि मी त्यातला एकही खेळलेलो नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं अख्ख्या शहराला वाटतं. संबंध नाही असं वाटणारा मी एकटाच, आणि माझं मत धरत नाहीत, कारण मी पडलो घरचा माणूस.

घडलं होतं ते इतकंच. हंगामातला पहिलाच सामना, शेवटचं मिनिट, आम्ही एका गुणाने मागे. लंबू म्हणजे आमचा सगळ्यात उंच गडी. दारातून आत येताना सवयीने वाकतो आणि दार नसलं तरी वाकतो. तो दमून हात वर करत बाहेर येत होता आणि त्याच्या जागी मी आत जाणार होतो. जॅकेट काढलेलं, गुण मांडणाऱ्यांच्या टेबलापाशी पोचलेलो, भोंगा वाजलेला, एक पाय रेघेवर. त्याच क्षणी संघाचा मॅनेजर आमच्या प्रशिक्षक सरांच्या तळहातावर घशाच्या गोळ्या ओतत होता आणि सर त्याला म्हणाले, "बास." पण ओरडून ओरडून सरांचा घसा बसला होता, आणि बसलेल्या घशातून काना बाहेर पडत नाही. मला ऐकू आलं, "बस." मी लहानपणापासून आज्ञाधारक. वळलो आणि बसलो. लंबू रेघेच्या बाहेर, मी खुर्चीत, आत चौघं. पंचांनी विचारलं, पाचवा कुठाय? सर माझ्याकडे बघतायत, मी सरांकडे. शेवटी लंबू माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत परत आत गेला, आणि चेंडू हातात आल्या आल्या, कुठे टाकतोय हे न बघता, निव्वळ संतापाने त्याने तो अर्ध्या मैदानातून भिरकावला. गेला. आम्ही जिंकलो. सगळे लंबूला मिठ्या मारत होते आणि लंबू हात दाखवून सांगत होता, "मला नाही, त्याला. हा बसला म्हणून."

तो चेष्टेत म्हणाला होता, मी शपथेवर सांगतो. पण दुसऱ्या सामन्यात पुन्हा मागे पडलो तेव्हा कर्णधार धापा टाकत खुर्च्यांपाशी आला आणि म्हणाला, "ए, ते कर ना." "काय ते?" "तेच रे. ऊठ, जॅकेट काढ, टेबलापर्यंत जा आणि बस." मला वाटलं, करावं, पोरांना जरा हसू येईल. केलं. जिंकलो. तिसऱ्या सामन्यात मी करायला विसरलो, तर मॅनेजरने मला काखेत हात घालून उठवलं आणि खांदे दाबून बसवलं. यथावकाश त्याचा विधी झाला. जॅकेटची डावी बाही आधी. खुर्ची तिसरी. बसताना मागे बघायचं नाही. मी मध्येच शिंकलो तर लंबू आतून ओरडायचा, "पहिल्यापासून घे!" शाळेत शिक्षा म्हणून उठाबशा काढल्या होत्या, पण तेव्हा निदान काहीतरी केलेलं असायचं.

सरांनी हे थांबवायला हवं होतं. सर संख्याशास्त्र शिकवतात. मी त्यांच्या खोलीत गेलो होतो, तिथे खिडकीपाशी फळ्यावर एक सुंदर घंटेसारखी वक्ररेषा कायम काढलेली असते. "हे बघ," सर म्हणाले, "माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. हे निव्वळ योगायोग आहेत."

"मग मला आत पाठवा ना, सर."

"पण चांगला चाललेला योगायोग आपण होऊन का मोडायचा?"

"सर, माझं शेवटचं वर्ष आहे."

"म्हणूनच तर," सर म्हणाले. "पुढच्या वर्षी आम्ही काय करणार, सांग!" आणि ते खरोखरच काळजीत पडले. मीच त्यांना पाणी दिलं.

मग उपांत्य सामन्यात तर कहर झाला. समोरच्या संघाने लेखी हरकत घेतली की आमचा एक खेळाडू बसतो. आयोजकांनी अर्धा तास बंद दाराआड चर्चा करून निर्णय दिला की बसणं नियमबाह्य नाही. तोवर कोणीतरी तिसरी खुर्चीच पळवली होती. मॅनेजर कुठून तरी दंतवैद्याकडे असतं तसलं फिरतं स्टूल घेऊन आला आणि त्यावर बसताना मी अर्धा गोल फिरून प्रेक्षकांकडे तोंड करून थांबलो. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. उभं राहून! दुसऱ्या दिवशी पेपरात संघाचा फोटो आला, त्यात बाकीचे अकरा जण उभे होते आणि छायाचित्रकाराने आग्रहाने मला एकट्याला पुढे बसवलं होतं. खाली ओळ होती, उभे डावीकडून अमुक तमुक, आणि मग, बसलेले डावीकडून, आणि पुढे फक्त मी. डावीकडून मोजा नाहीतर उजवीकडून.

पिशवी हलवत घराकडे येताना मला वाटत होतं की आज काही झालं तरी आत जायचं. आज नाही तर कधीच नाही, हे वाक्य मी इतक्या वेळा मनात म्हटलं की त्याला काही अर्थच उरेना, बसच्या तिकिटावर छापलेल्या सूचनेसारखं झालं. शिवाय आज बाबा येणार होते. बाबा कुठेच जात नाहीत. ते लिफ्ट बसवायचे (हो, तेही बसवायचेच), एका कंपनीत, आयुष्यभर माणसांना वर-खाली करण्याची सोय करत हिंडले, आणि मागच्या वर्षी कंपनीने गाशा गुंडाळला. तेव्हापासून बाबा घरी बसलेत. म्हणजे असं लोक म्हणतात. बाबा दिवसभर घरात फिरत असतात, नळाला वॉशर घालतात, खिडक्यांच्या बिजागऱ्यांना तेल देतात, ज्या कुरकुरत नाहीत त्यांनाही. एकदा मावशीचा फोन आला तेव्हा बाबा टेबलावर स्टूल आणि स्टुलावर स्वतः असे उभे राहून पंखा पुसत होते, आणि आई फोनवर म्हणाली, "हे ना? घरी बसलेत." वर बाबांचा हात थांबला. मग पुन्हा पुसायला लागले. माणूस छताला टेकला तरी बसलेलाच. पंख्याचं पातं एका बाजूने स्वच्छ आणि एका बाजूने काळं असं बराच वेळ त्यांच्या हातात होतं, ते मला अजून दिसतं.

घरी पोचलो तर ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून दाराजवळ तयार होते. सामन्याला अजून चार तास होते. आई हॉस्पिटलच्या चौकशी खिडकीवर कामाला. ती जाताना त्यांना सांगून गेली होती की पोरगं खेळणार आहे.

"बाबा, एक सांगायचंय. मी खेळत नाही. मी बसतो."

"माहितीय मला. खालच्या शिवणाच्या दुकानातल्या बाई सांगत होत्या. फार कौतुक करत होत्या."

"त्यात कौतुक कसलं?"

"ते मला काय विचारतोस?" बाबा बूट पुसत म्हणाले. "मी वर्षभर बसलोय, माझं कोणी केलं नाही."

मला यावर हसावं की काय ते कळेना. बाबा स्वतः हसले नाहीत. ते कधीच हसून विनोद सांगत नाहीत, त्यामुळे विनोद कुठे संपला आणि ते कुठे सुरू झाले याचा पत्ता लागत नाही. ही खोड माझ्यात उतरली आहे असं आई म्हणते. मी म्हणालो, "आज मी आत जाणार आहे." बाबांनी बूट खाली ठेवला. "त्यांनी सांगितलं?" "नाही. मी ठरवलंय." "आणि हरलात तर?" खरं उत्तर असं होतं की मला चालेल. अकरा मित्र, एक सर, एक मॅनेजर, औषधवाला, ती आजी, सगळे हरले तरी मला चालेल, फक्त एकदा माझ्या बुटाचा तळवा त्या लाकडावर घासून कर्र वाजला पाहिजे. हे मनात आलं आणि माझी मलाच शिसारी आली. मी आत जाऊन उगीचच दात घासले.

हॉलमध्ये वार्निशचा आणि घामाचा वास, उंच जाळीच्या खिडक्यांतून दुपारचं ऊन कोर्टवर तिरकं पडलेलं. बाबा आमच्या खुर्च्यांच्या बरोबर मागे, पहिल्या रांगेत. माझी खुर्ची कोणीतरी आधीच पुसून ठेवली होती. त्या पुसलेल्या खुर्चीने माझं डोकंच फिरलं. त्यात एवढी आपुलकी होती की कोणाला शिवीही देता येईना. सामन्याबद्दल मी फार सांगू शकत नाही, कारण मी तो पाहत नव्हतो. मी वाट पाहत होतो की आम्ही मागे पडावं. पहिल्यांदाच आम्ही बराच वेळ पुढे राहिलो आणि मला घाम फुटला. असेच जिंकलो तर? उठायचीही वेळ आली नाही तर? मग लंबूचा घोटा पुन्हा दुखावला, समोरच्यांनी लागोपाठ गुण घेतले, आणि शेवटच्या मिनिटात फलकावर आम्ही एका गुणाने मागे दिसलो तेव्हा मला चक्क आनंद झाला, आणि हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं.

"चल," सर म्हणाले. मी उठलो. डावी बाही, उजवी बाही. हॉल शांत झाला. टेबलापाशी गेलो. लंबू लंगडत रेघेपर्यंत आला आणि तिथेच थांबला, परत जायच्या तयारीत, एक पाय आत ठेवून. भोंगा वाजला. "बस," सर म्हणाले. आज त्यांचा घसा खणखणीत होता. मागून कोणीतरी म्हणालं, बस. मग वरच्या रांगा म्हणायला लागल्या, "बस! बस! बस!" पाय आपटून, तालात. हजारभर माणसं मला आग्रह करत होती. पाहुण्यालासुद्धा इतक्या वेळा कोणी बस म्हणत नाही. माझे गुडघे सवयीने वाकायला लागले. खरंच लागले, मला ते स्वतंत्रपणे जाणवलं. तेवढ्यात पंच, एक पोट सुटलेले, कंटाळलेले गृहस्थ, ज्यांना आमच्या विधीची काही पडलेली नव्हती, घड्याळाकडे बघत म्हणाले, "येताय का बसताय?"

अख्ख्या हंगामात मला पहिल्यांदा कोणीतरी प्रश्न विचारला होता. मी म्हणालो, "येतो."

आत गेलो. मागे लंबू "अरे ए, अरे ए!" करत राहिला. बूट कर्र वाजला. कर्णधाराने माझ्याकडे असं पाहिलं की जणू लग्नाच्या फोटोत अनोळखी माणूस घुसलाय. "बस ना रे," तो अगदी काकुळतीला येऊन कुजबुजला. मी उजव्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो. आणि तिथे एक विलक्षण गोष्ट झाली, म्हणजे काहीच झालं नाही. माझ्या अंगावर कोणी येईना. समोरच्या संघाचे सर त्यांच्या पोरांना ओरडून सांगत होते, "त्याला सोडा! तो खेळत नाही!" त्यामुळे माझ्या वाट्याचा गडी गेला कर्णधाराच्या अंगावर, आणि माझ्या भोवती मोकळं, चकचकीत लाकूड पसरलं, त्यावर उन्हाची तिरपी पट्टी. सकाळी असतं अगदी तसं. बाहेर आरडाओरडा चालू होता. मग काय झालं कोण जाणे, तो अचानक कमी झाला, कोणीतरी "हां, हां, झालं!" असं म्हणाल्यासारखं ऐकू आलं, पण मी वळून बघितलं नाही. कर्णधार दोघांच्यात अडकला. त्याने डावीकडे पाहिलं, मागे पाहिलं, छताकडे पाहिलं आणि मग, दुसरं कोणीच नसल्यामुळे, एक घाणेरडी शिवी देऊन चेंडू माझ्याकडे फेकला.

चेंडू हातात आला तेव्हा तो रोजच्यापेक्षा जड वाटला. कोणी अंगावर आलं असतं तर बरं झालं असतं. हात मध्ये आला, धक्का लागला, काहीही सांगता आलं असतं. इथे सांगायला काही नव्हतं. मी होतो आणि ती कडी होती, आणि मधे हवा. चुकलो तर माझ्याशिवाय कोणीच चुकणार नव्हतं. मला बसावंसं वाटलं. खरंच सांगतो, त्या क्षणी, त्या लाकडावर, मांडी घालून. मग मी चेंडू टाकला.

गेला. कडीला न लागता गेला, जाळी नुसती एकदा श्वास घेतल्यासारखी आत ओढली गेली. भोंगा वाजला. आम्ही एका गुणाने जिंकलो, विजेते झालो, आणि सगळा संघ बेभान ओरडत धावत सुटला. मी हात पसरले. ते माझ्या दोन्ही बाजूंनी निघून गेले. कर्णधार तर माझ्या खांद्याला धडकून, सॉरी म्हणून पुढे गेला.

तिसऱ्या खुर्चीत बाबा बसले होते. ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर, डोळे घट्ट मिटलेले. माझं जॅकेट त्यांनी घडी करून मांडीवर घेतलं होतं. पोरांनी त्यांना खुर्चीसकट उचललं. लंबूने खुर्चीचा एक पाय धरला होता, दुखऱ्या घोट्यासकट, त्यामुळे बाबा त्या बाजूला जरा जास्त उंच होते. ते डोळे उघडून, खुर्चीचे हात धरून, "अरे हळू, अरे वजन बघा," म्हणत कोर्टला फेरी मारत होते, आणि वरच्या रांगा "बाबा! बाबा!" म्हणून ओरडत होत्या. माझे बाबा. मला कोणी विचारलंसुद्धा नाही. आजपर्यंतची माझी सगळी चिडचिड गोळा करून एका जागी ठेवली असती तरी तेव्हा जे वाटलं त्याच्या गुडघ्याला लागली नसती. आणि गंमत म्हणजे त्याच वेळी मला दिसत होतं की बाबा हसतायत. दात दाखवून. पुढचा एक दात पडलाय हे मला माहीतच नव्हतं.

सगळं शांत झाल्यावर सर त्यांच्याजवळ आले. आदराने, हात मागे बांधून. "नमुना लहान आहे," सर म्हणाले, "पण निकाल बोलका आहे. पुढच्या हंगामात तुम्ही मोकळे आहात का?"

बाबांनी शर्ट नीट केला. "घरी विचारून सांगतो," ते म्हणाले.

परत येताना मी त्यांच्याशी बोलत नव्हतो. फुटपाथवरून ते दोन पावलं मागे चालत होते. शेवटी म्हणाले, "खुर्ची रिकामी दिसली रे. सगळे नुसते बस बस ओरडत होते. तू आत एकटा, हरलात तर तुलाच धरतील. कोणीतरी बसायला हवं होतं. मी मोकळाच होतो."

"माझी बास्केट पाहिली का पण?"

बाबांनी जॅकेट या हातातून त्या हातात घेतलं. म्हणाले, "डोळे मिटले होते मी. बघवेना."

मी थांबलोच. हंगामभर थांबून एक, आयुष्यातली एकुलती एक, आणि ज्यांनी पाहायची त्यांनी डोळे मिटून घेतलेले. "बाबा!" मी इतक्या जोरात ओरडलो की समोरच्या दुकानातला माणूस बाहेर आला.

"तू सांग ना कशी होती. तुझ्यासमोर किती जण होते?"

"कोणीच नव्हतं."

"मोकळा होतास?" बाबा म्हणाले. "मग घाबरला असशील."

मी त्यांच्याकडे पाहिलं. "हो," मी म्हणालो. "खूप."

त्यांनी मान हलवली. मग जॅकेट माझ्या खांद्यावर टाकून चार पावलं पुढे गेले, दिव्याच्या खांबापाशी वळून उभे राहिले आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन त्यांनी त्यांची गोल कडी केली. इस्त्रीचा शर्ट विजारीतून बाहेर आला. माणसं वळसा घालून जात होती. "टाक," ते म्हणाले. "दाखव कशी ते."

"बाबा, लोक बघतायत."

"मला बघायचंय. टाक."

मी उजवीकडे सरकलो, नसलेला चेंडू दोन्ही हातांत धरला, गुडघे वाकवले आणि टाकला. बाबांनी या वेळी डोळे उघडे ठेवले होते. त्यांची नजर हवेतून हळूहळू वर गेली, खाली आली.

"चुकला," ते म्हणाले.

"चुकला कसा? चेंडूच नाहीये!"

"कडेला लागला, मला दिसला ना. चल, परत टाक."